आज वार कुणाचा?

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कधी कुणाचं दार हाताने वाजवलं असेल यावर माझा विश्वास नाही. ते छत्रीचं टोक चौकटीवर आपटायचे. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ते स्वतः भिजायचे आणि छत्री कोटाच्या आत धरायचे. काळा लोकरीचा कोट बाराही महिने अंगात, गळ्याला मफलर, खाली धोतर आणि पाय अनवाणी. "थंडी वरून येते. पायाला काय करती ती?" असं त्यांचं शास्त्र होतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सगळं वठार त्यांना तोंडावर अण्णा म्हणायचं आणि पाठीमागे आणखी बरंच काही म्हणायचं. मीही म्हटलेलं आहे.

वठार म्हणजे बंगळुरातली बैठी चाळ. आमचं बसवनगुडीत होतं. एक फाटक, एक अंगण, मधोमध एक नळ आणि भोवती सात बिऱ्हाडं, त्यातलं एक अण्णांचं स्वतःचं. राज्य अजून म्हैसूरच म्हणवत होतं त्या काळातली ही गोष्ट. आम्ही नवरा-बायको तेवढे साताऱ्याकडून आलेले, कारण ह्यांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती. बाकी सगळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे मुरलेले मराठी. "आमचे आजे फौजेबरोबर आले, इथलं हुळी-भात जेवले आणि परत जायचं विसरले," असं अण्णा सांगत. हुळी म्हणजे तिकडची डाळ-भाजीची आमटी. मला ते 'सातारकरीण' म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

सकाळी नळाला पाणी आलं की अण्णा शेजारच्या दगडावर बसत आणि वठाराच्या बातम्या देत. कुणाचं दूध नासलं, कुणाचा मुलगा गणितात आपटला, कुणाच्या सासूने अबोला धरला. बायका खाली माना घालून कळश्या भरायच्या. दुसऱ्याची बातमी आली की माना जरा वर व्हायच्या. मी ह्यांना म्हणायचे, आपल्याकडे रेडिओ घ्यायची गरजच नाही.

मग एके दिवशी ती बातमी आमची झाली.

माझे मोठे दीर शहरातच एका वर्कशॉपात होते. स्वभावाने तापट, पण मनाने वाईट नव्हेत. कामावरच्या भांडणात त्यांनी एकाला ढकललं, तो यंत्रावर आदळला आणि गेला. कोर्टाने भाऊजींना सात वर्षांची शिक्षा सुनावली. जाऊबाई आधीच गेलेल्या होत्या, धाकट्याच्या बाळंतपणात. आठ वर्षांची सुमी आणि अडीच-तीन वर्षांचा बाळू, दोघं जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, आमच्या फाटकाशी उतरली. माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि मला दिवस गेलेले होते. आम्ही दोघांनी ठरवलं, भाऊजी कामाला मुंबईला गेलेत असं सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी माहेरून शिकून आले होते.

दुसऱ्या दिवशी नळावर अण्णांनी छत्री दगडावर आपटली.

"ऐका. कोपऱ्यातल्या घरात दोन मुलं आलीत. त्यांचा बाप जेलात आहे. भांडणात हातून माणूस मेला. मुलांनी काय केलेलं नाही. सरी, झालं. आता पाणी भरा."

माझी बादली निम्मी भरली होती. ती तशीच टाकून मी घरात गेले, आणि रडून झाल्यावर सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अण्णा, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही. म्हणून तर सांगितलं."

"आमच्या घरची गोष्ट होती ती!"

"अय्यो, सातारकरीण, पेपरात आलेली गोष्ट घरची कशी असती? तू झाकतीस, आणि ही सगळी नाकं वर करून फिरतात. झाकलं की नासतं. उघडं टाकून बघ. स्वल्प वास येईल, मग वाळून जाईल."

मी त्यांना त्या दिवशी मनात ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या आईला ठाऊक असत्या तर तिने मला जेवायला वाढलं नसतं. वास काही वाळला नाही. सुमी नळावर गेली की बायका कळश्या बाजूला ओढायच्या. 

त्यातच हुबळीहून मुलांचे मामा आले. चांगले कपडे, मृदू बोलणं. बहिणीसाठी दुःखी असलेल्या माणसासारखे हळूहळू चहा प्यायले आणि म्हणाले, "आम्हाला मूल नाही. बाळूला मी नेतो, दत्तक घेतो. मुलीची सोय एखाद्या आश्रमात होईल. तुमचंही आता होईल, तुम्ही किती जणांचं बघणार?" आमचे हे म्हणाले, दोघं एकत्रच राहतील. मामा हसले. "राहतील कुठे? ही जागा तरी राहतेय का तुमची? फाटकात भेटलेले गृहस्थ काही वेगळंच सांगत होते. मी पंधरा दिवसांनी येतो. तोवर बघा."

सुमी दाराआड उभी होती. त्या रात्रीपासून ती झोपताना बाळूच्या सदऱ्याचं टोक आपल्या परकराला बांधून ठेवू लागली. गाठ इतकी घट्ट असायची की सकाळी ती मला दातांनी सोडवावी लागे.

फाटकात भेटलेले गृहस्थ म्हणजे रामण्णा, समोरच्या बिऱ्हाडातले, कचेरीत हेडक्लार्क. दुसऱ्याच संध्याकाळी ते इतर चार घरांतल्या पुरुषांना घेऊन अण्णांच्या ओसरीवर बसले. आमचं दार लोटलेलं होतं आणि मी त्याला कान लावून उभी होते. रामण्णांची मोठी मुलगी लग्नाची होती. खुन्याची मुलं अंगणात खेळत असताना तिला बघायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं. खोटं बोलत नव्हते ते. आमची जागा रिकामी करून घ्यावी, एवढीच मागणी होती.

अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. तो कटकट आवाज थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

"करतो रिकामी," ते म्हणाले. "पंधरवडा द्या. पण तोवर ती बाई गरोदर, उभं राहवत नाही तिला. लहानग्याला भरवायचं, नवऱ्याचा डबा करायचा. मुलीच्या जेवणाचं काय? वार लावू तिचा."

गरीब विद्यार्थी वार लावून जेवतात ते मला माहीत होतं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण तसे शिकले.

"वार मुलांचे असतात, अण्णा," रामण्णा म्हणाले. "शिकायला आलेल्या. मुलीचा वार कुणी ऐकलाय?"

"आता ऐकलात की. सोमवार यांचा, मंगळवार त्यांचा..." त्यांनी अडकित्ता एकेकाकडे रोखत वार वाटून टाकले. शुक्रवार रामण्णांचा. गुरुवार स्वतःकडे ठेवला. रविवारी सुमी आमच्या घरी. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता, आणि जेवायला आलेल्या पोरीला नाही म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना.

मी मात्र रात्रभर धुमसले आणि सकाळी पुन्हा भांडायला गेले. "आमच्या घरात तांदूळ आहेत, अण्णा. आम्ही भिकारी नाही."

"आहेत, ठाऊक आहे. तांदळासाठी नाहीच हे." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "ज्याच्या पानावर आपण तूप वाढतो ना, त्याला घराबाहेर काढा म्हणताना जीभ अडखळती माणसाची. तू बघत राहा."

सुमीला त्यांनी समोर उभं करून वाराचे नियम सांगितले. पानावर आभार मानायचे नाहीत. पानावर रडायचं नाही. पान टाकून उठायचं नाही. "आभार मानलेस तर त्यांना वाटेल उपकार केले. रडलीस तर त्यांचा घास अडकेल. टाकून उठलीस तर पुढच्या खेपेला कमी वाढतील. समजलं? म्हण." तिने एखादा पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं.

पंधरा दिवसांनी मामा आले. अंगणात रामण्णा उभे होते, पण बाकीच्या चौघांतले तिघे आलेच नाहीत. मंगळवारच्या घरातले मास्तर तेवढे आले, ते काळजीत होते. "अण्णा, त्या मुलीला कारलं चालत नाही हो. आमच्याकडे मंगळवारी कारलंच असतं. आमच्या हिने काय करायचं, सांगा." मामा ते ऐकत होते. अण्णा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "जागा कोण काढतंय म्हणाला होता तुम्ही? हे? हे तर कारल्याचं विचारायला आलेत." मामा संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्या रात्री सुमीने गाठ मारली, पण सैल मारली.

वार मात्र सुटला नाही. पंधरवडा उलटला, महिना झाला, माझी मुलगी जन्मली, आणि सुमी सोमवारी सोमवारच्या घरी जातच राहिली.

अण्णांची एक खोड अशी की रोज संध्याकाळी छत्री आपटून ते सुमीला विचारायचे, "आज काय वाढलं?" ती सांगायची. मला वाटे, म्हाताऱ्याला खाण्याच्या गोष्टींत रस आहे. पुढे कळलं की ते भेटीच्या दिवशी जेलवर जायचे आणि भाऊजींना, ज्यांना त्यांनी पूर्वी धड पाहिलंही नव्हतं, मुलीचा सगळा महिना वाढून दाखवायचे. या सोमवारी अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ, त्या बुधवारी लिंबाचा भात. दुसरं काही बोलायचेच नाहीत. सुमी स्वतः कधी गेली नाही. नेते म्हटलं तर ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. वडिलांचं नाव तिने घरात काढलं नाही, आणि आमच्यातल्या कुणी काढलं तर ती हातातलं काम टाकून उठायची.

त्या विचारण्यातूनच शुक्रवारचं बिंग फुटलं. सुमी म्हणाली, "आज पुरणपोळी होती." आधीच्या शुक्रवारी तिने श्रीखंड सांगितलं होतं आणि त्याच्या आधी बासुंदी. अण्णांनी मला बाजूला घेतलं. "रामण्णाची बायको सावित्रक्का सणालासुद्धा गूळ हात आखडून घालती. शुक्रवारी पुरण? ही पोरगी जेवतच नाही तिथे." खरंच होतं ते. मुलीला बघायला माणसं येऊ लागली होती, म्हणून सावित्रक्का सुमीला मागच्या दारानेच परत पाठवायची. सुमी बसवण्णाच्या देवळामागच्या खडकावर बसून राहायची आणि तिथे बसून पदार्थ रचायची. उपाशी पोराला सुचतात तसे, एकाहून एक गोड. हे ऐकून मी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, उद्या नळावर हे ऐकवून अण्णा सावित्रक्काची अब्रू काढणार. पण या वेळी नळावर ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढच्या शुक्रवारी अंघोळ करून, कोट घालून, केळीची दोन पानं काखेत मारून अण्णा सुमीला हाताला धरून सावित्रक्काच्या ओसरीवर गेले आणि पान मांडून बसले. "आजपासून माझाही वार इथेच," म्हणाले. घरमालक पान घेऊन दारात! सावित्रक्का पांढरीफटक पडली, कारण आत पाहुणे बसले होते. तुमकूरहून मुलगी बघायला आलेले. सगळं वठार आपापल्या दारात उभं होतं.

पाहुण्यांतले वडील माणूस बाहेर आले. "हे कोण?"

माझ्या मनात आलं, अण्णा, आता तरी गप्प बसा. एकदाच.

"मी या वठाराचा मालक. आणि ही सुमी. हिचा बाप जेलात आहे. हे घर तिला दर शुक्रवारी जेवू घालतं. असल्या घरातली मुलगी मिळाली तर सोडू नका."

पाहुण्यांनी सुमीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, चपला शोधल्या. "कळवतो," म्हणाले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

अण्णांचं चुकलं. मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. त्यांना वाटलं, आपल्या उघडं टाकण्याने जसं वठार वळलं तसे तुमकूरचे लोकही वळतील. पण ज्यांनी तिच्या पानावर कधी तूप वाढलं नव्हतं त्यांची जीभ अडखळायला कारणच नव्हतं. हे त्यांनीच मला शिकवलेलं, आणि तेच विसरले. सावित्रक्काने अंगणात उभं राहून त्यांना जे सुनावलं ते ऐकून माझ्या तान्ह्या मुलीने भोकाड पसरलं. अण्णांनी दगडावर बसून, कधी नव्हे ते, सगळं ऐकून घेतलं. 

चुकलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. पण त्यानंतर दोन वर्षं तो कोट आणि ती छत्री म्हैसूर, मंड्या, कोलार असं कुठे कुठे हिंडली, आणि रामण्णांच्या मुलीला त्यांनीच स्थळ आणलं. नवऱ्याकडच्यांना सगळं आधीच सांगून आणलं. सावित्रक्का लग्नात त्यांच्याशी बोलली नाही. मात्र गंमत अशी की त्या ओसरीवरच्या दिवसानंतर तिने सुमीचा एकही शुक्रवार चुकवला नाही. रागाने वाढायची, ताटात भात आदळायची, पण पोट भरेपर्यंत उठू द्यायची नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, तुम्हाला या मुलांचं इतकं का? तुमचेही वडील कधी..."

"माझा बाप?" ते खेकसले. "माझा बाप देवळात पुजारी होता. जेलात जायला अंगात धमक लागती. बसलीस काय, जा, दूध उतू चाललंय तुझं."

सूट मिळून भाऊजी सहा वर्षांनी सुटले. तोवर जयनगरात नवे प्लॉट पडले होते आणि आम्ही तिकडे जागा बघत होतो. सुमी चौदा-पंधरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी झाली होती. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "काकू, ते आले तर मी बाहेर येणार नाही. मला सांगू नका, ये म्हणून." मी तिला काय सांगणार? बाळूला तर बाप आठवतही नव्हता. हे सकाळीच जेलवर गेले, आणि मी चुलीपाशी बसून एकच विचार करत राहिले: या पोरीने दार लावून घेतलं तर तो माणूस कुठे जाईल, आणि पुढे ती स्वतःला कशी सोसेल?

दुपारच्या जेवणाची वेळ होती. भाऊजी फाटकाशी आले आणि तिथेच थांबले. केस पांढरे झालेले, सदरा अंगावर लोंबत होता. आत पाऊल टाकेनात. सगळ्या दारांत माणसं उभी होती. सावित्रक्काही होती. सुमी आतल्या खोलीत, कडी लावून.

अण्णा दगडावरून उठले. आता त्यांना छत्रीचा खरोखरच आधार लागायचा. त्यांनी ती जमिनीवर आपटली.

"ऐका. हे सुमीचे वडील. जेलातून आलेत. सगळ्यांनी बघितलं ना? सरी." मग ते थांबले आणि आमच्या दाराकडे बघत, सगळ्या वठाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज वार कुणाचा?"

 आज गुरुवार होता. गुरुवार अण्णांचा, हे सहा वर्षं अंगणातल्या मांजरालाही ठाऊक होतं. सकाळपासून त्यांच्या घरातून हुळीच्या फोडणीचा वास येत होता. तरी ते छत्रीवर रेलून तसेच उभे. मास्तरांनी तोंड उघडलं, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांची बाही ओढली. मी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

"आज वार कुणाचा, म्हटलं!"

आत कडी वाजली.

"आज माझा," सुमी म्हणाली.

ती बाहेर आली, पण वडिलांकडे बघितलं नाही. ओसरीवर पाट ठेवला, केळीचं पान मांडलं, पाणी शिंपडून पुसलं. भाऊजी चोरासारखे येऊन बसले. तिने भात वाढला, वरण वाढलं, कडेला कोशिंबीर वाढली. त्यांनी पहिला घास कालवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हात पानावरच राहिला. आमच्या ह्यांनी मान फिरवली. अण्णा पाठमोरे होऊन मफलर नीट करत होते, आणि तो काही केल्या नीट होत नव्हता.

सुमी तुपाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाबा," ती म्हणाली, "वाराच्या पानावर रडायचं नाही." आणि तिने त्यांच्या भातावर तूप वाढलं.